हे तुम्हीच आहात का?

जळगाव,
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय नाना,

सलाम आणि नमस्कार. एक तुम्ही ठेवा, एक प्रमिलाकाकूंना द्या.

घर लागलं. तौसिफचं मोटार वाइंडिंगचं दुकान सुरू झालं, सासूबाईंना गप्पांना शेजारीण मिळाली आणि मला खिडकीपाशी एक टेबल मिळालं. अकरा वर्षं धुळ्यात तुमच्या प्रेसमध्ये बसून लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवली. आता पाठीमागून कुणी 'अलफिया, काकांचं नाव तिरकं दिसतंय' म्हणून ओरडत नाही, तर काम केल्यासारखंच वाटत नाही.

आता कामाचं. आपलं ते जुनं पत्रिकांचं सॉफ्टवेअर तुमच्या त्या एका कॉम्प्युटरशिवाय कुठे चालत नाही, आणि ज्यांनी ते बनवलं त्यांनी धंदाच सोडला. म्हणून तर कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या भटूने ही सोय करून दिली. मी इथे लॅपटॉपवर ब्राउझर उघडायचा, पत्ता आणि पासवर्ड टाकायचा, की तुमच्या कॉम्प्युटरचा पडदा जसाच्या तसा माझ्यासमोर. टाइप मी इथे करायचं, अक्षरं तिथे उमटणार. पण आज सकाळी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा 'प्रवेश नाकारला' असं आलं. भटूने काहीतरी अर्धवट ठेवलेलं दिसतंय. त्याला एकदा विचाराल का?

तुम्ही म्हणाला होतात, आखाजीपर्यंत बघू, अक्षय्य तृतीयेच्या लग्नांचं काम जमलं तर जमलं, नाहीतर दुकान बंद करून देवपूरला घरी बसतो. नाना, मला ते काम सोडायचं नाही. दुसरं कुठलं मला आवडणारही नाही. तेव्हा मनावर घ्या.

फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहायला तुमची बोटं जाड, म्हणून हे पत्र. जीवरामभाऊ ऑफिससाठी रोज धुळे-जळगाव अप-डाउन करतात, ते पोचवतील.

तुमची,
अलफिया

---

धुळे,
१२ फेब्रुवारी

चि. अलफिया,

अनेक आशीर्वाद. भटूला विचारलं. तो म्हणतो सगळं ठीक आहे. पण तुझं अडलं ते बरंच झालं म्हणायचं, कारण इकडे भलतंच प्रकरण उपटलंय. आपल्या कॉम्प्युटरवर चोराचा डोळा आहे.

सोमवारी सकाळी मी चहा घेत होतो, तेवढ्यात मोबाइल थरथरला. पाहतो तर वर लिहिलेलं, जळगावहून कोणीतरी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रवेश करू पाहत आहे, हे तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं. एकावर 'होय, मीच', दुसऱ्यावर 'नाही, मी नाही'. आता मी धुळ्यात, हातात बशी, मी जळगावात कसा असेन? दाबलं 'नाही'. चहा संपायच्या आत पुन्हा तेच. पुन्हा 'नाही'. तिसऱ्यांदा आलं तेव्हा तर मी मोबाइलला चार शब्द सुनावले आणि मग दाबलं. त्यानंतर बेट्याची हिंमत झाली नाही.

तुम्ही आता त्याच गावात राहता. तौसिफला सांग, दुकानाला कुलूप चांगलं घेऊन ठेव. आणि कोणी संशयित दिसला तर मला कळव.

तुझा,
नाना

---

जळगाव,
१४ फेब्रुवारी

आदरणीय नाना,

तो संशयित मला दिसला. आरशात दिसला.

नाना, तो चोर मीच होते! पासवर्ड टाकला की आत सोडण्याआधी तुम्हाला विचारायचं, अशी व्यवस्था मीच भटूकडून करून घेतली होती. मालकाला न विचारता मी दुकानात शिरते असं उद्या कोणी म्हणायला नको. शिवाय वाटण्याआधी पत्रिकेतलं एक अक्षर बाहेर जाऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत. भटूने तुम्हाला हे सांगितलं असेल असं मी धरून चालले, आणि मी सांगितलं असेल असं तो धरून चालला.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की सासूबाई चूल सोडून बघायला आल्या. त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तुझ्या नानांनी बरोबर केलं, अनोळखी बाईला कोण घरात घेतं?

सोमवारी सकाळी मी पुन्हा दार वाजवीन. कृपा करून 'होय, मीच' दाबा.

तुमची,
(चोर) अलफिया

---

धुळे,
१८ फेब्रुवारी

चि. अलफिया,

आशीर्वाद. काल तू आलीस ते कळलं. अंगठा 'होय'वर नेला सुद्धा. पण दाबवेना.

रागावू नकोस, नीट ऐक. तो प्रश्न काय विचारतो? अलफियाला आत घेऊ का, असं विचारलं असतं तर मी दोन्ही हातांनी दाबलं असतं. तो विचारतो, हे तुम्हीच आहात का? आणि मी नाही. तू आहेस. मग मी 'होय, मीच' कसं म्हणू? तुला माहीत आहे, माझ्या दुकानातून कधी कुणाच्या नावाने खोटं पत्रक निघालं नाही. निवडणुकीत माणसं घरी येऊन बसायची, तरी नाही. आता म्हातारपणी एका मोबाइलशी खोटं बोलू?

प्रमिलेला म्हटलं, तू दाब. ती म्हणाली, तुम्ही तरी निदान दुकानाचे मालक आहात, मी तर कोणीच नाही, मी कशी 'मीच' होईन?

म्हणून मी दुसरा उपाय केला. मजकूर समोर ठेवून स्वतःच टाइप करायला बसलो. सकाळी बसलो तो दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत गणपतीचं नाव आणि मुलाच्या आजोबांचं अर्धं नाव झालं. मग काहीतरी दाबलं गेलं आणि दोघंही गेले.

आणखी एक. माझ्याच दुकानात शिरायचा पत्ता आणि पासवर्ड मला माहीत नाही, हे काही बरं दिसत नाही. लिहून पाठव.

नाना

---

जळगाव,
२० फेब्रुवारी

आदरणीय नाना,

जीवरामभाऊंनी पाकीट हातात देतानाच 'नाही म्हणतात नाना' असं सांगून टाकलं, त्यामुळे उघडण्याआधीच कपाळाला हात लावून झाला.

आता माझं नीट ऐका. आपण प्रत्येक पत्रिकेवर काय छापतो? 'आमच्या येथे कुलस्वामिनीच्या कृपेने विवाह योजिला आहे.' तुमच्या येथे कधी विवाह झाला? दोन टेबलं आणि एक कटिंग मशीन, तिथे वऱ्हाड बसवणार कुठे? खाली छापतो, 'आपले नम्र'. गेल्या वर्षी ज्यांच्या पत्रिकेला तुम्ही पाच वेळा प्रूफ दिलं आणि पाचही वेळा ज्यांनी तुमच्या अंगावर ओरडून घेतलं, ते नम्र होते? तरी तुम्ही छापलंत. कारण ते त्यांचं बोलणं, तुम्ही फक्त त्यांच्या वतीने कागदावर ठेवलंत. तसं हे माझं 'होय, मीच' आहे. माझ्या वतीने दाबा.

आणि खरं सांगते, मला हसू येत असलं तरी आता घाईही आहे. इथल्या एका छपाईवाल्याने मला कामाला बोलावलंय. बसायची जागा चांगली आहे, पंखा डोक्यावर आहे. सासूबाई म्हणतात, लॅपटॉप उघडून बंद करायला तुला कोण पगार देणार, तिथे जा. मी त्यांना आखाजीपर्यंत थांबा म्हटलंय. नाना, मला तुमचंच काम करायचंय. पण ज्या दारातून आतच घेत नाहीत, त्या दारापुढे मी किती दिवस उभी राहू?

पत्ता, नाव आणि पासवर्ड सोबतच्या चिठ्ठीत लिहिलाय. कुणाच्या नजरेला पडेल असा ठेवू नका.

अलफिया

---

धुळे,
२७ फेब्रुवारी

चि. अलफिया,

हरलो. 'आपले नम्र' वाचून प्रमिला दोन दिवस हसतेय.

तुला तुझ्या बाजूने काय दिसलं माहीत नाही, पण सोमवारी इकडे काय झालं ते लिहून ठेवायलाच हवं. दोंडाईच्याचे दगडूआबा पाटील आले होते, त्यांच्या ललितचं आखाजीला लग्न आहे. सोबत ललितचे मामा, छगनमामा. गडी अंगाने लहान, पण आवाज वाजंत्र्याएवढा. मोबाइल थरथरला. मी डोळे मिटले, तुझं नाव घेतलं आणि दाबलं 'होय, मीच'.

आणि बाई, तो बाण पडद्यावर आपला आपण चालायला लागला! खुर्ची रिकामी, कीबोर्डवर हात नाही, आणि 'चि. ललित' अशी अक्षरं एकामागून एक. दगडूआबांनी टोपी काढली. म्हणाले, "नाना, तुमनी बाई कोठे शे?"

मी म्हटलं, "जळगावले शे."

"मंग हाई कोन लिखी राह्यनं?"

"तीच."

ते खुर्चीपासून जरा लांब सरकून बसले. छगनमामा मात्र धीट. त्यांनी पडद्यापाशी तोंड नेलं आणि ओरडले, "ओ ताई! बठ्ठासना नावं वर शेतस, मन्हंच खाले का बरं?" सगळ्यांची नावं वर आणि आपलंच खाली, हा राग. तू आपली टाइप करतेसच. ते आणखी जोरात ओरडले. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. मी सांगितलं, तिला ऐकू जात नाही. तर म्हणाले, तुमच्यासारखीच का?

मग मामांचं समाधान व्हावं म्हणून मी कीबोर्ड ओढला. त्याच वेळी तूही लिहीत होतीस. दोघांचं मिळून नवऱ्या मुलाचं नाव 'चि. छगलितमाम' झालं. दगडूआबा म्हणाले, हा कोण नवीन पाहुणा?

दुपारी एकला रोजच्याप्रमाणे मेन स्विच बंद करून जेवायला गेलो. तेव्हा तू आत होतीस हे लक्षात आलं नाही. लागलं तर नाही ना काही?

पासवर्ड जपून ठेवलाय. आता हरवायची भीतीच नाही.

नाना

---

जळगाव,
१ मार्च

आदरणीय नाना,

लागलं नाही, पण मी ऋतिकाच्या आईचं नाव लिहीत होते आणि अचानक सगळा पडदा काळा. वधूच्या आईला अर्ध्यावर सोडून आले, रुखरुख लागून राहिली.

आणि ते छगलितमाम! मी 'ल' लिहिते तर 'छ' येतो, पुसते तर 'ग' येतो. मला वाटलं लॅपटॉपला ताप चढला. पुढच्या वेळी कीबोर्डला हात लावायचा असेल तर आधी पडद्यावर 'थांब' असं लिहा, मी हात वर करीन.

पण नाना, आत आले. आपली फुलांची किनार, गणपतीची ती सोंड जराशी लांब असलेली आकृती, तुम्ही फायलींना दिलेली 'हे नको' आणि 'हे पण नको' अशी नावं, सगळं जागच्या जागी. मी थोडा वेळ काहीच केलं नाही. नुसती बघत बसले.

उद्यापासून रोजे. मी सकाळीच येत जाईन. प्रश्न येईल तेव्हा तो माझाच आहे ना, गावाचं नाव वाचून मगच दाबा.

छपाईवाल्यांना अजून काही कळवलेलं नाही.

अलफिया

---

धुळे,
१२ मार्च

चि. अलफिया,

आशीर्वाद. रोजे कसे चाललेत? पाणी न पिता तू इतकं काम करतेस, प्रमिला रोज हळहळते.

आता माझा अंगठा तयार झालाय. मोबाइल थरथरला की दाबतो, चष्मासुद्धा लागत नाही. धंदा पूर्वीसारखा चाललाय. तू इथे नाहीस असं वाटतच नाही. खरं सांगायचं तर आता तू बोलत नाहीस हे एक सुखच आहे.

परवा संध्याकाळी चारच्या सुमाराला तू पुन्हा आलीस. सकाळी येऊन गेलेली असताना पुन्हा, आणि तेही दोंडाईच्याहून! गावाचं नाव तेवढं मोठ्या अक्षरात होतं म्हणून दिसलं. मला वाटलं, कुणाकडे इफ्तारला गेली असशील, तिथेही काम घेऊन बसलीस. कौतुक वाटलं. तू ललितची पत्रिका उघडलीस, बराच वेळ इकडे तिकडे फिरलीस, काहीतरी एक उचललंस, ठेवलंस आणि गेलीस. मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. जाताना 'ये' म्हणालो सुद्धा.

तुझा हात फिरला म्हणजे शेवटचा, म्हणून मी दुसऱ्या दिवशी छापून गठ्ठे बांधले. दगडूआबा घेऊन गेले. पत्रिका देखणी झालीये.

नाना

---

जळगाव,
१३ मार्च

नाना,

जीवरामभाऊ संध्याकाळच्या बसला निघालेत, त्यांना स्टँडवर थांबवून हे लिहितेय.

मी दोंडाईच्याला गेले नव्हते. त्या संध्याकाळी मी सासूबाईंबरोबर फुले मार्केटला होते. आत दुसरं कोणीतरी आलं होतं. तुम्ही त्याला 'होय, मीच' म्हणून आत घेतलंत आणि जाताना 'ये' म्हणालात!

भटूचा फोन लागत नाही, त्याला आत्ता बोलवा. तो येईपर्यंत कुठलंही बटण दाबू नका, मी आले तरी नको. आणि मला एवढंच सांगा, ती पासवर्डची चिठ्ठी कुठे आहे?

अलफिया

---

धुळे,
१७ मार्च

चि. अलफिया,

चिठ्ठी माझ्याकडेच आहे. पण आता सगळं सांगतो.

तुझं अक्षर बारीक, मला वाचायला त्रास होतो. म्हणून तो पत्ता, नाव आणि पासवर्ड मी छापून घेतला. जाड टाइपात, मोगऱ्याच्या किनारीत, हस्तिदंती आर्टकार्डावर. आतल्या भिंतीला लावला. फार छान दिसतो. एक प्रत काढायला मशीन लावायचं म्हणजे चार-सहा जास्त निघतातच, ते तुला माहीत आहे. आणि आपल्याकडे पाठकोरा कागद कधी टाकत नाहीत. गिऱ्हाइकाला नावं लिहून द्यायला हाताशी ठेवतात. तसे ते हाताशी ठेवले.

त्यातल्या एका कागदाच्या पाठीवर त्या 'छगलितमाम'च्या दिवशी छगनमामांनी आपली दुरुस्ती लिहिली होती, 'माझे नाव वर घेणे'. दगडूआबांनी ती मान्य केली नाही, तर मामांनी रागाने कागद खिशात घातला. घरी जाऊन त्यांनी तो उलटून पाहिला असणार.

भटूने बघितलं. चोराने दुसरं काही केलं नाही. शेकडो पत्रिकांची माहिती होती, एका अक्षराला हात लावला नाही. फक्त मामा मंडळींतून आपलं नाव उचललं आणि निमंत्रकांत सर्वांत वर, ललितच्या थोरल्या काकांच्याही डोक्यावर नेऊन ठेवलं.

आणि मी तसंच छापलं. इतकी वर्षं प्रूफ तीनदा वाचल्याशिवाय मशीन लावलं नाही आणि हे एकदाही वाचलं नाही. निम्म्या पत्रिका वाटून झाल्यात. काका लोक खवळलेत, दगडूआबांचा निरोप आलाय की शुक्रवारी सगळे येतो.

नाना

---

जळगाव,
१९ मार्च

आदरणीय नाना,

दोन दिवस विचार केला.

चूक माझी आहे. पासवर्ड कागदावर लिहून मी द्यायलाच नको होता. शुक्रवारी ते येतील तेव्हा माझ्यावर ढकला. लांब बसलेल्या बाईने गोंधळ केला असं म्हणालात की त्यांना पटेल, ते आधीपासून त्या खुर्चीला घाबरतातच. मामांचं नाव घेऊ नका. लग्नघर आहे, आखाजीला मांडवात भावकी आणि मामा एकमेकांची तोंडं बघणार नाहीत, आणि ऋतिका बिचारी त्यातच घरात यायची.

तुमचं नाव मात्र जाऊ देऊ नका. मी इथल्या छपाईवाल्यांना उद्या होकार कळवते. तुमच्या दुकानात मी नसले की विषय मिटेल. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय. पण तुमच्या इतक्या वर्षांच्या अब्रूपेक्षा माझं टेबल मोठं नाही.

भटूला सांगा, माझं नाव काढून टाक.

अलफिया

---

धुळे,
२४ मार्च

चि. अलफिया,

तुझं पत्र गुरुवारीच मिळालं. मुद्दाम उत्तर दिलं नाही, आधी शुक्रवार पार पाडायचा होता.

सगळे आले. दगडूआबा, तिन्ही काका आणि मध्ये छगनमामा. प्रमिलेने चहा ठेवला. थोरल्या काकांनी पत्रिका टेबलावर आपटली आणि म्हणाले, "नाना, हाई काम कोनं शे?" मी काही बोलायच्या आत दगडूआबाच म्हणाले, "कोनं म्हंजे? त्या जळगाववाली बाईनं. तिले काढी टाका, नईतं उरेल पत्रिका दुसरीकडे छापसूत."

अलफिया, मी मामांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. चेहरा असा झालेला की मला राग येण्याऐवजी कीव आली. बहिणीच्या पोराच्या लग्नात आपलं नाव वर असावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

तू शिकवलंस तसं तुझ्यावर ढकलणं सोपं होतं. त्यांनी ते तयार करूनच आणलं होतं, मी फक्त मान हलवायची होती. आणि मामांचं नाव सांगितलं असतं तर ते खरं होतं, पण लग्न मोडलं असतं.

तेव्हा मी म्हणालो, "होय, मीच."

थोरल्या काकांनी आपटलेली पत्रिका पुन्हा उचलली. मी म्हणालो, बाईचा काही संबंध नाही. तिने बरोबर जुळवलं होतं. नाव वर गेलं ते माझ्यामुळे, मी न वाचता छापलं. सगळ्या पत्रिका पुन्हा छापून देतो, कागद माझा, शाई माझी. पण ती जुळवील तरच. दुसऱ्या कुणाला मी त्या कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही, तुम्हाला चालत नसेल तर पत्रिका घेऊन जा.

मामांना चहाचा असा ठसका लागला की काकांना त्यांची पाठ चोळावी लागली. निघताना बाकीचे पुढे गेले, मामा मागे राहिले. खिशातून तो हस्तिदंती कागद काढला, टेबलावर ठेवला आणि गेले. खरा माणूस आहे. मी दुरुस्तीत त्यांचं नाव मामा मंडळींतच ठेवणार आहे, पण जरा मोठ्या टाइपात. तेवढं तू करून दे.

तू विचारशील, नाना, खोटं बोललात का? मी रात्री प्रमिलेला हेच विचारलं. ती म्हणाली, दार कुणी उघडलं? मी म्हटलं, मी. मग, म्हणाली, कसलं खोटं? आणि मला बरं वाटलं. त्या बटणाशी मी महिनाभर भांडलो, पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या दारातून जो आत येतो त्याची जबाबदारी घ्यायला तयार आहात का, एवढंच तो विचारत होता. तुझी घ्यायला मी तयार आहे. मी तुला हे आधी कधी सांगितलं नाही, पण तू गेलीस तेव्हा दुकान बंद करतो म्हणालो ते म्हातारपणामुळे नाही. तुझ्याशिवाय मला ते चालवायचंच नव्हतं.

भटूने पासवर्ड बदललाय. नवा कोणता, ते मी विचारलं नाही आणि तूही मला सांगू नकोस. तो तुला जीवरामकडून नाही, फोनवर स्वतः सांगणार आहे. भिंतीवरचा खाली उतरवला.

छपाईवाल्यांना तू कळवलंस की नाही, माहीत नाही. कळवलं असशील तर मी तुझ्यावर रागावणार नाही. ईद झाली की बुधवारी मी दुकानात फोन हातात घेऊन बसणार आहे, चष्मा लावून.

नाना

---

धुळे,
२ एप्रिल

आदरणीय नाना,

वरचं गाव चुकलेलं नाही. हे पत्र जीवरामभाऊंनी आणलेलं नाही. तुमच्या उजव्या हाताला जो प्रिंटर आत्ता घरघरला, त्यातून आलंय. घाबरू नका, मेन स्विचकडे धावू नका.

चष्मा लावून नीट वाचलंत ना? वाचलं असेल. कारण आज 'होय' यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, गाव आणि वेळ पाहून प्रमिलाकाकूंना विचारून मगच दाबताय. असंच करत जा.

छपाईवाल्यांना मी होकार कळवला होता. तुमचं पत्र आलं तेव्हा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. 'होय, मीच' आलं तिथे त्या म्हणाल्या, थांब, पुन्हा वाच. मग स्वतः चप्पल घालून त्या छपाईवाल्याच्या दुकानात गेल्या आणि सांगून आल्या की आमची सून धुळ्यात नोकरीला आहे.

ललितची पत्रिका उघडलीये. मामांचं नाव मोठं करते. किती मोठं, ते तिथे बसून सांगा, मी थांबलेय. कीबोर्ड घ्या.

अलफिया